खरकट्याचा विनिमय दर

मे महिन्यात तारकर्लीच्या रस्त्याला लागलात तर ‘घरगुती जेवण’चे बोर्ड मोजता मोजता दमाल. त्यांच्या खाली, जरा लाजऱ्या अक्षरांत, दुसरा बोर्ड असतो : ‘भांडी घासण्यासाठी माणूस पाहिजे’. पहिला दरवर्षी नव्याने रंगतो, दुसरा उतरवायची वेळच येत नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा किल्ला, समुद्र, मासे सगळ्यांचा विचार झाला. पर्यटक जेवून उठल्यावर ताट कोण उचलणार, हा विषय बहुधा पुढच्या बैठकीवर गेला.

आमच्या वाडीतल्या तात्यांनी तो सोडवला. शेजारची काकी ‘दोन तासांसाठी’ येते. दुपारच्या पंगती चारपर्यंत, रात्रीच्या अकरापर्यंत. याला पार्ट टाइम म्हणतात. सुरमईच्या तव्याला करपलेला रवा, टोपाला वाटपाचा थर, त्यावर हळद, आणि विहिरीने मे महिन्यात गाठलेला तळ. काकी नारळाच्या सोडणाने सगळं निभावते. पगाराचं विचारलंत तर तात्या दुखावतात. ‘ती आमच्या घरचीच आसा!’ किमान वेतनाचा कायदा देशात १९४८ साली झाला खरा, पण मागीलदारी जायची पाणंद त्याला अजून कोणी दाखवलेली नाही.

तात्यांचा झील कॅनडात शिकतो. काय करतो विचारलं की तात्या आधी खाकरतात. ‘फूड इंडस्ट्रीत आसा.’ ही इंडस्ट्री म्हणजे एका मोठ्या किराणा दुकानाचं मागचं स्वयंपाकघर. पुढे गिऱ्हाइकं भाजलेल्या कोंबड्या नेतात, मागे झील त्यांच्या चरबीचे ट्रे खरवडतो. सिंकला तीन कप्पे : एकात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात जंतुनाशक. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासांवर काम करायची परवानगी नाही, आणि ऑन्टॅरिओत किमान मजुरी तासाला सतरा डॉलरच्या वर. तात्या त्याला साठाने गुणतात, आणि त्या गुणाकारात खरकटं धुऊन निघतं.

हाच झील इथे असताना जेवलेलं ताट मोरीपर्यंतही नेत नसे. आता तो व्हिडिओ कॉलवर रबरी हातमोजे घालून उभा राहतो आणि आई कौतुकाने काकीला हाक मारते, ‘बघ गो, सिंक केदो मोठो आसा!’ काकी पदराला हात पुसत येते, डोळे बारीक करून बघते. ‘तेका सांग, ट्रेची कड तशीच रवली हा.’

झील येत्या मेमध्ये महिनाभर येतोय. काकीने धीर करून विचारलं, ‘तात्यांनू, मगे मी चार दिस माहेराक जाव? घरात शिकलेलो माणूस आसा.’

‘झील काय हय भांडी घासूक येता?’ तात्या कडाडले. ‘तो येतलो, तेचे दोस्त येतले, भांडी दुप्पट पडतली. तुका खंयची सुट्टी!’