‘३०० वॅटचा फॉगलाइट’ विकणाऱ्या शेठना खुलं पत्र

शेठ,

तुमच्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. हायवेच्या कडेला तुमच्यासारखी दुकानं ओळीने आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही मात्र मला ओळखाल. मे महिन्याच्या शेवटी आलो होतो, सहाचाकी घेऊन. रात्री गडहिंग्लजहून भाजी भरायची आणि आंबोली उतरून पहाटे सावंतवाडी, पुढे म्हापसा, हा माझा रोजचा धंदा. ‘पावसाळ्यात घाटात काही दिसत नाही, चांगला फॉगलाइट द्या,’ एवढंच मागितलं होतं.

गाडी किती व्होल्टची, दिवा कुठे बसवणार, यातलं काही तुम्ही विचारलं नाही. फळीवरून दोन फुटी एलईडी बार काढला, काउंटरखालच्या बॅटरीला लावला आणि उजेड समोरच्या भिंतीवर सोडला. भिंत पांढरीफटक झाली. ‘बघा मालक, ३०० वॅट. धुकं फाडून टाकतो. आरटीओ पास आहे,’ म्हणालात. खोक्यावर तसा स्टिकरही होता. ४,५०० रुपये मोजले. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून दिलात. तुमच्या पोराने बार केबिनच्या कपाळावर ठोकला, काचेच्या वर. तिथून लांबचं दिसतं म्हणाला.

आता जुलैतल्या एका रात्रीचं ऐका. आंबोली गाव सोडून उताराला लागलो तेव्हा दोन वाजले होते. पाऊस थांबला होता, पण धुकं रस्त्यावर बसलं होतं. तुमचा बार चालू केला आणि समोर पांढरा पडदा उभा राहिला. आधी हेडलाइटच्या डिपमध्ये निदान कडेची पट्टी दिसत होती, ती गेली. कठडा गेला. वायपरच्या पलीकडे काही उरलं नाही. बार बंद करायला बटण चाचपतोय तेवढ्यात वळणावरून एक मोटारसायकल वर आली. चालवणाऱ्याने डोळ्यांवर हात घेतलेला मला दिसला. एका हाताने गाडी आवरेना, तो डोंगराच्या बाजूच्या गटारात गेला.

गाडी उभी करून मी आणि क्लीनर पळालो. पोरगा विशीतला, दूध घालायला निघालेला. घोटा सुजला होता, कोपर सोललं होतं, दोन्ही कॅन रिकामे झाले होते. त्याने मला शिवी दिली नाही. ‘दादा, काहीच दिसलं नाही हो,’ एवढंच म्हणत राहिला. गटार डोंगराच्या बाजूला होतं म्हणून तो वाचला. तीच बाजू दरीची असती तर हे पत्र मी कुठल्या तोंडाने लिहिलं असतं? दिवा माझ्या गाडीवर होता, बटण माझ्या हाताखाली होतं. माझा वाटा मी नाकारत नाही. तुम्ही तुमचा नाकारू नका.

घरी आल्यावर बार खाली उतरवला. आमच्या गल्लीत एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी गाडीच्या बॅटऱ्या बघितल्या. माझी गाडी २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. तुमचा बार १२ व्होल्टचा, म्हणून तुमच्या पोराने एकाच बॅटरीवरून वायर काढली होती. त्यामुळे एक बॅटरी रोज उपाशी राहत होती आणि दुसरीला जादा चार्ज मिळून तिचं पाणी उकळत होतं. दीड महिन्यात दुसरीचे कप्पे कोरडे पडले. मग त्यांनी वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावला. १३.५ व्होल्टला ४ अँपिअर. म्हणजे ५४ वॅट. खरंच ३०० वॅट असते तर २२ अँपिअरच्या वर करंट गेला असता, आणि तुम्ही दिलेली ती शिवणाच्या दोऱ्याएवढी वायर पहिल्याच रात्री पेटली असती. काटा माझ्या डोळ्यांसमोर चारवर थांबला होता, शेठ.

पण मला वॅटच्या खोटेपणाचा राग कमी आहे. खरे ३०० वॅट असते तर तो पोरगा आणखी जोरात आंधळा झाला असता. माझा राग यासाठी आहे की तुम्ही फॉगलाइट या नावाखाली फॉगलाइट दिलाच नाही.

धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. प्रत्येक थेंब उजेड उधळतो. दिवा डोळ्यांजवळ आणि वर असला की उधळलेला उजेड सरळ ड्रायव्हरच्या डोळ्यांत परत येतो. जितका उजेड जास्त, तितका पडदा दाट. म्हणून खरा फॉगलाइट खाली बसतो, बंपरच्या पातळीला. त्याचा झोत आडवा पसरलेला आणि चपटा असतो. त्याला वरून सुरीने कापल्यासारखी रेघ असते आणि रेघेच्या वर जवळजवळ अंधार. तो अंधारच कामाचा. त्या अंधारातून नजर पुढे जाते आणि खाली पांढरी पट्टी, साईडपट्टी, कठड्याचा पाया दिसतो. फॉगलाइट निवडताना उजेड किती हे नंतर, उजेड कुठे थांबतो हे आधी विचारायचं. तुमच्या बारला ती रेघच नाही. दुकानातल्या भिंतीवर तो जमिनीपासून छतापर्यंत पसरला होता, आणि तोच त्याचा गुण म्हणून तुम्ही मला दाखवलात.

‘पिवळा घ्या, पिवळा धुकं चिरतो,’ असंही तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होतात. तेही तपासून घ्या. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो पिवळ्याला सोडतो आणि पांढऱ्याला अडवतो असं होत नाही. निळसर पांढरा, ६,००० केल्विनच्या पुढचा उजेड डोळ्यांना जास्त टोचतो, तर ३,००० केल्विनच्या आसपासचा पिवळा सोसवतो. पिवळ्याचा फायदा एवढाच. मी आज पिवळाच वापरतो, रात्रभर डोळे जळत नाहीत म्हणून. पण रेघ नसलेला पिवळा बारही समोरच्याला तितकाच आंधळा करतो.

‘आरटीओ पास’चंही बोलू. आरटीओ गाडीची नोंदणी करतं, दिव्यांची तपासणी करून स्टिकर वाटत नाही. दिव्यासारख्या सुट्या भागाची चाचणी होते पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत, आणि पास झालेल्या भागाला मंजुरीचा कागद असतो. तो कागद तुमच्याकडे आहे का? काचेवर वर्तुळात ‘ई’ आणि आकडा, शेजारी फॉगलाइटसाठीचं ‘बी’ किंवा ‘एफ३’ अशी खूण असेल, तर दिवा युरोपच्या नियमाने तपासलेला आहे एवढं तरी कळतं. तुमच्या बारवर एकच खूण होती, ‘आयपी ६७’. म्हणजे धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडला तरी चालतो. उजेड कसा पडतो याबद्दल ती खूण एक अक्षर सांगत नाही. माझा बार गटारात पडला असता तरी चालू राहिला असता. गटारात पडला तो मात्र माणूस.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला १०६ वा नियम वाचा. पुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याला दिव्याने दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवाल्याचाच डोळा. नियम करणाऱ्यांनी त्या दूधवाल्या पोराला आधीच नजरेसमोर ठेवलं होतं, तुम्ही ठेवलं नाहीत. १११ वा नियम पुढे स्पॉटलाइट आणि सर्चलाइट लावायला बंदी करतो, नोंदणी अधिकाऱ्याने खास परवानगी दिली असेल तरच सूट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि ती मालकाच्या माथी. बार तुम्ही विकायचा, ठोकायचा तुमच्या पोराने, आणि पोलिसांसमोर उभं राहायचं आम्ही.

आता गाडीला दोन वेगळे दिवे आहेत. बंपरवर, हेडलाइटच्या खाली, दोन्ही कडांना. ९ ते ३२ व्होल्ट चालणारे, म्हणून दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार. रिले, फ्यूज, जाड वायर, वेगळं बटण. बसवल्यावर म्हाताऱ्यांनी मला तसाच जाऊ दिला नाही. ‘आधी लोड भर,’ म्हणाले. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उठतं आणि रिकाम्या गाडीवर लावलेला झोत लोड भरल्यावर समोरच्याच्या तोंडावर जातो. भरलेली गाडी शाळेच्या भिंतीपासून १० मीटरवर उभी केली, दिव्याच्या उंचीची खडूने खूण केली आणि झोताची वरची रेघ त्या खुणेच्या वीतभर खाली, २० सेंटिमीटरवर आणली. सगळं मिळून अर्धा तास लागला. तेवढा वेळ तुमच्या पोराला कुणी शिकवून दिला असता तर त्यालाही जमलं असतं. त्याच्यावर माझा राग नाही.

तरीही त्या दिव्यांनी मला घाटात १५-२० मीटरच दिसतं. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणून मी २० च्या वर जात नाही. धुकं सरलं की दिवे बंद करतो. ‘हे लावा आणि बिनधास्त सोडा,’ असं तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात. हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला सांगू नका, हात जोडून सांगतो.

पैसे परत नकोत. बॅटरीचेही नकोत. त्या पोराच्या एक्स-रेचे आणि दुधाचे मी दिलेत, त्यातला निम्मा वाटा तुमचा, तो त्याच्या घरी नेऊन द्या. पत्ता देतो. फळीवर तसले बार अजून आहेत, परवा जाताना दिसले. शनिवारी भाजी उतरवून येताना थांबणार आहे. म्हाताऱ्यांचा मीटर सोबत आणतो. तुम्ही काउंटरखालची बॅटरी चार्ज करून ठेवा आणि एकेक बार खाली काढा. सगळ्यांचा काटा गिऱ्हाइकांसमोर बघू.

तुमच्याकडून ‘३०० वॅट’ घेऊन गेलेला,
एक ट्रकवाला