नळाचं माहेर

शनिवारी दुपारी निगडी-चिंचवडच्या सोसायट्यांमधून गाड्या निघतात. डिकीत चटया, बॅडमिंटन, वेफर्सचे पुडे आणि सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा. कामशेतला वळायचं आणि पवना धरणाच्या काठी तंबूत रात्र काढायची. निसर्गाची ओढ वगैरे ठीक आहे, पण शहरात नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं. ती सोय तात्पुरती होती. पहिलीतल्या पोराला रोज येणारा नळ ही परीकथा वाटते. त्याला एकदा तरी साडेआठ टीएमसी पाणी एके जागी दाखवणं हे पालकांचं कर्तव्यच.

काठावर तंबूंचे तीन वर्ग: लेक टच, लेक व्ह्यू आणि ‘थोडं चालावं लागेल’. चारला चेक-इन, चहा-भजी. मग बार्बेक्यू, माणशी मोजून पीस. मग लाइव्ह म्युझिक, म्हणजे एक पोरगा, एक गिटार आणि शेजारच्या तीन कॅम्पांचे डीजे. जेवण अनलिमिटेड, गुलाबजाम मात्र एकच. कॉमन वॉशरूमच्या दारावर पाटी: ‘पाणी जपून वापरा, टँकरचे आहे.’ समोर धरण! ती पाटी वाचून सासूबाईंना एकदम घरच्यासारखं वाटलं. रात्रीतून जाईल म्हणून त्यांनी दोन बादल्या भरूनही ठेवल्या.

जेवणं झाली की मंडळी काठावर जाऊन ताटल्या, हात, पोरांचे चिखलाचे पाय असं सगळं धरणात विसळतात. हे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापाशी येतं, तिथून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात आणि मग आपल्या टाकीत. शनिवारचं खरकटं घरपोच. तेही दिवसाआड.

भजी आणून देणाऱ्या मुलाला एका काकांनी विचारलं, “गाव कुठलं रे तुझं?” त्याने पाण्याकडे हात केला. काकांना वाटलं, पलीकडचा काठ. “वा! लेक फेसिंग!” धरणात जमिनी गेलेल्यांचं पुनर्वसन कित्येक दशकं रेंगाळलंय. याच धरणाच्या बंदिस्त जलवाहिनीला विरोध करायला ऑगस्ट 2011 मध्ये द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. पॅकेजच्या जाहिरातीत हे नसतं. तिथे सूर्यास्त असतो.

सकाळी पोहे हाणून तिकोन्याचा ट्रेक. शेवटच्या उभ्या पायऱ्यांपाशी कुटुंबप्रमुख मान वर करून बघतात, ‘वरून काही वेगळं दिसत नाही’ असा निष्कर्ष काढतात आणि लिंबू सरबतवाल्याजवळ बूड टेकतात. बायको-पोरं वर पोचतात. तिथून तुंग, लोहगड, विसापूर आणि मधोमध पसरलेलं पाणी दिसतं. गडावर कातळात खोदलेली टाकीही आहेत. माथ्यावर, नदी ना नाला अशा जागी जुन्या माणसांनी पाणी साठवून दाखवलं. त्यांना सल्लागार कंपनी मिळाली नसावी.

तेव्हा महापालिकेला एक नम्र सूचना. ज्या भागाचा नळ कोरडा, तो भाग त्या दिवशी पीएमपीत बसवून काठावर नेऊन सोडावा. अंघोळ, धुणीभांडी, ट्रेक, सगळं तिकडेच उरकेल. मालमत्ता करात ‘लेक टच’ उपकर लावता येईल. ज्या सोसायट्या तक्रार करतील, त्यांना ‘थोडं चालावं लागेल’.