येळवशीला लातुरात चहा मिळत नाही

मार्गशीर्षातली अमावास्या, सकाळचे नऊ. औषधकंपनीचा एक तरुण प्रतिनिधी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं येऊन, नमुन्यांची बॅग सांभाळत लातूरच्या गंजगोलाईत उभा असतो. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण त्यांतल्या एकाही रस्त्यावर त्याला चहा मिळत नाही. शटरं खाली, भाजीवाल्यांच्या जागा मोकळ्या. डॉक्टरांचा फोन लागतो, पण पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि कुणीतरी कुणाला तरी "आणखी वाढ, आणखी वाढ" म्हणाल्याचं ऐकू येतं. दंगल झाली की बंद पुकारला, हे विचारायला तो एका वॉचमनला गाठतो. वॉचमनही डबा बांधून निघण्याच्या बेतात असतो. "येळवस हाय की ओ आज. सगळे शेतात. तुम्हाला कुणी बोलावलं नाही का?" या शेवटच्या प्रश्नात जी कीव असते, ती त्या तरुणाला औषधं खपवताना पुढं कुठंच भेटत नाही.

वेळ अमावास्या, बोलताना येळवस, हा लातूर आणि धाराशिवचा मोठा सण. सोलापूर, बीड, नांदेडच्या काही भागांत आणि सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीकडंही तो आहे. पण लातुरात त्याला जो मान आहे तो दिवाळीलाही असेल की नाही, शंका आहे. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. ती न करूनही फारसा फरक पडला नसता, हा भाग वेगळा. उरलेल्या महाराष्ट्राला या सणाचा पत्ता नसतो, आणि लातूरकरांना उरलेल्या महाराष्ट्राची दया येते.

सण तिथीचा असल्यामुळं इंग्रजी कॅलेंडरशी त्याचं फारसं जमत नाही. 2022 मध्ये येळवस डिसेंबरच्या 23 तारखेला झाली. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला, सगळे सण पुढं सरकले आणि येळवस थेट 11 जानेवारी 2024 ला उगवली. म्हणजे 2023 हे आख्खं वर्ष येळवशीविना कोरडं गेलं. त्याची भरपाई म्हणून 2024 मध्ये ती दोनदा झाली, कारण पुढची पुन्हा 30 डिसेंबरलाच होती. वरिष्ठ कार्यालय मुंबईत असलेल्या एखाद्या शाखेतून एकाच वर्षात एकाच सणाचे दोन रजेचे अर्ज गेले असतील, तर ते वाचणाऱ्याच्या कपाळावर काय उमटलं असेल याची कल्पना करावी.

या दिवसांत रान भरलेलं असतं. शाळू पोटरीतून निसवत असतो, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, करडई काट्यावर आलेली असते, तूर वाळायच्या वाटेवर असते. अशा भरल्या रानाचं कोडकौतुक करायचं, हा मूळ बेत. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप रचायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, नैवेद्य शेतभर शिंपडायचा. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती धावायचं. पूजा तशी आटोपशीर असते. दिवस खरा जातो तो जेवणात.

जेवण आदल्या रात्रीपासूनच सुरू झालेलं असतं, म्हणजे बायकांचं सुरू झालेलं असतं. तुरीच्या शेंगा, वाटाणा, ओला हरभरा सोलायला घरातली सगळी बोटं लागतात. ज्या पुरुषांची बोटं एरवी मोबाइलवरून हलत नाहीत, त्यांनाही वाटाण्याचं सूप समोर ठेवून बसवलं जातं. पहाटे दोन-तीनला चूल पेटते आणि भज्जी शिजायला लागते. तळलेल्या भज्यांशी हिचा काही संबंध नाही. सोललेले दाणे, गाजर, वांगी, पातीचा कांदा, मेथी, आंबट चुका, शेंगदाणे, असं त्या आठवड्यात रानात आणि बाजारात जे जे हिरवं दिसेल ते ते बेसनात एकत्र शिजवायचं आणि वरून लसणाची सढळ फोडणी द्यायची. भज्जीत काय नसतं हे सांगणं सोपं. शिजताना तिचा मोठा बुडबुडा येतो आणि फुटतो, आणि ढवळणारीच्या मनगटावर एक लाल ठिपका उठतो. तो ठिपका चार दिवस राहतो. अशा ठिपक्यांवरून त्या आठवड्यात लातूरच्या कुठल्याही कचेरीत कुणी स्वयंपाक केला आणि कुणी नुसती जेवली, हे ओळखता येतं. पुरुषांच्या मनगटांवर ठिपके शोधू नयेत.

भज्जीबरोबर बाजरीचे उंडे, तिळाच्या आणि शेंगांच्या पोळ्या, धपाटे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं ताक, लसूण-कोथिंबीर लावलेलं. ते मडकं डोक्यावर घेऊन चालणारी बाई बांधावरून ज्या तोलानं जाते, तो तोल तिच्या मोटारसायकलवाल्या मुलाला डांबरी रस्त्यावरही साधत नाही.

आता येळवशीचा खरा नायक. तो शेतकरी नव्हे. तो म्हणजे नुकताच बदलून आलेला माणूस. समजा, रत्नागिरीकडचे एक बँकेतले साहेब. पहिल्याच वर्षी त्यांना शिपाई, रोखपाल, घरमालक, दूधवाला आणि दोन कर्जदार, अशी सगळ्यांची आमंत्रणं येतात. कोकणातलं आमंत्रण म्हणजे यायचं तर या, घर तुमचंच आहे. लातूरचं आमंत्रण म्हणजे न आलात तर तुमच्या बायकोला आम्ही काय तोंड दाखवावं. साहेब भिडस्त. सगळ्यांना "येतो" म्हणतात आणि सकाळी दहाला पहिल्या शेतात पोटभर जेवतात. त्यांची समजूत अशी की बाकी ठिकाणी नुसतं डोकावून पाणी पिऊन यायचं.

दुसऱ्या शेतात पाणी नसतं, आंबील असते. आंबिलीचा तांब्या परत करणं ही पूजेची अवहेलना. तिसऱ्या शेतातली आजी, "सायेब, शिपायाच्या शेतात जेवलाव, आमचं कडू हाय का?" असं विचारते. तिला ही बातमी त्यांच्या आधी पोचलेली असते. चौथ्या ठिकाणी साहेब ताटावर हात आडवा धरतात. हात आडवा धरलेला पाहुणा लाजतोय असा इथला अर्थ असल्यानं त्यांना दुप्पट वाढलं जातं. पाचवं शेत त्यांनी पाहिलेलं असतं, पण आडवं होऊन. आंब्याच्या सावलीत सतरंजीवर ते दोन तास घोरतात. भरल्या पोटावर डिसेंबरचं ऊन आणि आंबील एकत्र आली की मोठमोठे आडवे होतात, यात लाजण्यासारखं काही नाही. उठतात तेव्हा कर्जदाराचा मुलगा त्यांच्या उशाशी बसून माशा वारत असतो, आणि यंदा हप्त्याचं बोलणं कसं काढावं या पेचात साहेब पुन्हा डोळे मिटतात.

एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी. ज्याला शेत नाही त्यानं येळवशीला काय करायचं, हा प्रश्न या भागात फारसा पडत नाही. शहरातल्या रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येक जण कुणाच्या तरी रानात असतो. कोण कुणाच्या शेतात गेलं, यावर पुढं महिनाभर चर्चा चालते आणि निवडणुकीच्या वर्षी तर ती मोजदादच असते. इच्छुक उमेदवाराला त्या दिवशी जितकी भज्जी खावी लागते तितकी खाऊन जो उभा राहू शकतो, तोच खऱ्या अर्थानं निवडणुकीला उभा राहू शकतो.

हे सगळं चालतं मांजरा आणि तेरणा यांच्या खोऱ्यात. मांजरा बालाघाटच्या डोंगरात बीड जिल्ह्यात उगम पावते, धनेगावच्या धरणात अडते आणि 724 किलोमीटर चालून गोदावरीला मिळते. कागदावर. लातूरकरांना नदीकाठचं वनभोजन म्हटलं की काठ हमखास मिळतो, नदीचं सांगता येत नाही. एप्रिल 2016 मध्ये धरण कोरडं पडलं, तेव्हा कृष्णाकाठच्या मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर आलं. गाडीचं स्वागत करायला लोक स्टेशनवर जमले होते. त्या आधीच्या हिवाळ्यात शिवारं करपलेली होती, तरी येळवस झालीच. लोकांनी सुकलेल्या रानात कोप घातली आणि भाजी मंडईतून विकत आणून भज्जी केली. ऋण काढून सण करण्याचं आपल्याकडचं शास्त्र जुनं आहे.

पश्चिमेला, भीमेच्या काठी, थंडीतल्या सहलीचा तोंडवळा निराळा. उजनीचं धरण 1980 मध्ये झालं, 117 टीएमसीचा फुगवटा इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरला, गावं पाण्याखाली गेली आणि त्या उथळ कडांवर पक्षी उतरू लागले. भिगवणजवळच्या कुंभारगावला आणि डिकसळला पुण्याहून दोन-अडीच तासांत पोचता येतं. साहजिकच नाताळाच्या सुट्टीत तिथं माणसांचे थवे आधी येतात आणि गुडघाभर लांबीची भिंगं रोखून विचारतात, "फ्लेमिंगो कुठं आहेत?"

फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, नसतात. असले तरी थोडे. हा पक्षी चिखलात उभा राहून चोच उलटी बुडवतो आणि गाळातलं शेवाळ, किडे, बारीक जीव गाळून खातो. त्याला पोटरीएवढं पाणी लागतं. पावसाळा चांगला झाला असला की डिसेंबरात धरण तुडुंब असतं, आणि तुडुंब पाण्यात त्याला पानच मांडलेलं नसतं. पाणी उतरून कडा उघड्या पडल्या की, जानेवारीच्या शेवटाकडं किंवा त्याहून उशिरा, तो गर्दी करतो. होडीवाला हे सगळं समजावून सांगतो आणि त्याऐवजी हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दाखवतो. एवढ्या उंचीवरून उडत आलेला तो राखाडी हंस काठावर मुकाट चरत असतो. होडीतली पोरं म्हणतात, "पण तो गुलाबी नाहीये ना!"

पक्ष्यांनी दगा दिला की हुरडा आहेच. गोवऱ्यांची आगटी, राखेत खुपसलेली कणसं, काढल्या काढल्या गरम कणीस तळव्यात चोळून फुंकर मारायची. फुंकर कमी पडली तर तूस घशात, जास्त पडली तर हुरडा शेजाऱ्याच्या चष्म्यावर. दाणा हुरड्याचा राहतो मोजके दिवस. दुधातून घट्ट होत असताना त्यात साखर असते, मग तिचं पीठ बनत जातं आणि हुरडा संपून ज्वारी उरते. म्हणून गुळभेंडीसारखे खास हुरड्याचे वाण थोडे थोडे, मागं-पुढं पेरतात. शहरातून मात्र सगळे एकाच रविवारी येतात. मग दारात कमान, स्वागताला उसाचा रस, बैलगाडीची फेरी, झोका, एक उंट (भीमाकाठी तो कुठून आला हे त्यालाही माहीत नसावं) आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'हुरडा अनलिमिटेड'.

मालक सतत जांभया देत असतो. पाहुण्यांना वाटतं, खेड्यात काय, निवांत आयुष्य. खरं तर आठवडाभर त्याच्या भागात शेतीची वीज रात्रीची असते. बाराला मोटार चालू करून, कानटोपीवरून मफलर गुंडाळून तो पहाटेपर्यंत गव्हात दारं धरत असतो. गार पाण्यात पाय, हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी आणि मनात शेजारच्या उसातला बिबट्या. सात वाजता घरी येऊन तोंड धुतो, तोच कमानीखाली पहिली गाडी हॉर्न वाजवते. "काय हवा आहे हो तुमच्याकडं! आम्हाला इथंच राहावंसं वाटतं," असं उतरणारी बाई म्हणते. फावडं अजून ओलंच असतं.

अशाच एका हुरडा सहलीला पुण्याच्या एका कंपनीनं आपल्या पोरांना नेलं. त्यांत औसा तालुक्यातला एक पोरगा होता. बसमध्ये तो गात होता, कमानीखालून गेला तोवरही ठीक होता. मग त्यानं फळ्यावर माणशी दर वाचला आणि त्याचा आवाजच गेला. साहेबांनी "एन्जॉय कर रे" म्हणून पाठीवर थाप मारली. कंपनी पैसे भरणार होती, त्याच्या खिशाला काही तोशीस नव्हती. पण तत्त्वाचा प्रश्न होता. ज्वारी खायचे पैसे! आगटीजवळ बसून तो हुरडा खाईना, खाल्लेली कणसं मोजू लागला. शेवटी राहवेना तेव्हा त्यानं बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"दादा, आपल्या वरच्या पट्टीत किती कणसं असतील रे?"

"पाखरं खाऊन राहतील तेवढी. का बरं?"

"इथं माणशी लावलाय दर. नुसतं चोळून देतेत. उंटबी हाय."

पलीकडं बराच वेळ आवाज नाही.

"उंट कशाला?"

"तेच म्हणतो मी. ऐक, आपल्या कोपीपाशी झोका बांधला, चार खाटा टाकल्या, तर वहिनीची भज्जी..."

"ठेव, ठेव. लाईट आली बघ."