गाडीखालचे बंडोपंत

डेट्रॉइटच्या आसपास, नोव्हाय-ट्रॉय-कँटनकडे, मराठी माणूस भेटला की तो हमखास मोटारीच्या धंद्यातला निघतो. आमचे बंडोपंत गाड्यांची दारं डिझाइन करतात. म्हणजे संगणकावर. पुण्यात त्यांच्या लुनाचा प्लगसुद्धा कोपऱ्यावरचा मेकॅनिक साफ करायचा आणि पंत शेजारी उभे राहून चहा प्यायचे. अमेरिकेत मेकॅनिक तासावर पैसे लावतो हे कळलं, त्या दिवशी त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

यंदा त्यांच्या फोर्ड एफ-१५० पिकअपचा सायलेन्सर फुटला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यात गाडीचं पोट लोणच्यासारखं मुरतं. दुकानवाल्याने आकडा सांगताच पंत म्हणाले, "पाइपच तर आहे! यात मजुरी कसली?" आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा अख्खा स्टेनलेसचा संच मागवला. कन्व्हर्टर काढणं बेकायदा, हे त्यांनी आल्यागेल्याला बजावलं. जणू बाकीचं जमल्यातच जमा.

शनिवारी सकाळी पंत गाडीखाली शिरले. बाहेर उरले ते पाय. "अगं, पंधराचा पाना दे!" पंधराचा त्यांच्याच पाठीखाली होता. गंजलेला नट हलेना. तेल मारलं, चहा झाला, पुन्हा तेल, पुन्हा चहा. अखेर बोल्टच तुटला. "निघाला!" पंत ओरडले. तुटणं आणि निघणं यांत ते फरक करत नाहीत. जुना पाइप मागच्या ॲक्सलवरून वळसा घालून गेलेला, त्यामुळे अखंड बाहेर येईना. कापायचा तर करवत हवी. करवतीला म्हणून गेलेले पंत जॅक, चष्मा आणि भलत्याच कामाचं ड्रिलही घेऊन आले. "हत्यारं जन्मभर राहतात," म्हणाले.

क्लॅम्प आधी सैल ठेवून पाइप सरळ बसला की मग आवळायचे, असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं. कागद पंत शेवटी वाचतात. एकेक क्लॅम्प गच्च आवळत आणलेला पाइप मागे बंपरला टेकला, आणि सगळं सोडून पुन्हा बसवण्यात रविवारही गेला.

गाडी सुरू झाल्यावर मात्र सगळ्यांना अंगणात बोलावणं आलं. "ऐका, कशी घुमतेय!" घुमतेय खरी. हायवेवर तर वहिनी खुणांनीच बोलतात. "दहा हॉर्सपॉवर वाढली!" पंत ओरडून सांगतात. कशी मोजली, ते विचारू नये.

पैशांचाही हिशेब विचारू नये. माझ्या मते तो त्यांना करायचाच नसतो. त्यांनी आखलेलं दार रस्त्यावर यायला वर्षं जातात, तोवर त्यावरून शेकडो हात फिरलेले असतात. हा पाइप मात्र सगळा त्यांचा. शुक्रवारी नव्हता, रविवारी होता.

परवा मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना ते माझ्या कानाशी आले. "तुझ्या गाडीखाली काहीतरी खडखडतंय. शनिवारी आहेस ना?"

"मुलाचा क्लास आहे हो," मी म्हणालो.

"त्याला मी नेते," टाळ्या न थांबवता बायको म्हणाली.