कलम 13 मधील श्री. कौशल्यराव यांस अनावृत पत्र

श्री. कौशल्यराव यांस,
मुक्काम कलम 13, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, 1887



या पत्त्यावर आपण जवळजवळ एकशे चाळीस वर्षे राहता. मधल्या काळात कायद्याच्या नावातले मुंबई जाऊन महाराष्ट्र आले, पण आपले बिऱ्हाड हलले नाही. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, अशी आपली एका ओळीची वास्तू. सातारा-सांगलीकडे मात्र आपल्यापेक्षा आपले शेजारी कलम 12 जास्त ओळखीचे. एसटी स्टँडमागच्या टपरीत मटक्याचा आकडा लिहून घेणारा सापडतो, पंचनामा होतो, थोडी रोकड, चिठ्ठ्यांचे पुस्तक आणि एक बॉलपेन असा मुद्देमाल जप्त होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. पुन:पुन्हा सापडला तर गडी तडीपार. पैसे लोकांचे, हरणारे लोकच आणि मधला वाटा चालकाचा, हे गणित मोबाइलवरच्या पोकरमध्येही असेच आहे. फरक एवढाच की मटकेवाल्याच्या बाजूने साक्ष द्यायला आपण कधी आला नाहीत.

हे पत्र आगाऊ लिहितो आहे, कारण आपल्याला लवकरच पुन्हा साक्षीला बोलावले जाईल. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाचे खेळ सरसकट बंद करणारा कायदा केला. खेळ नशिबाचा की कौशल्याचा हा प्रश्नच त्याने बाजूला सारला. कंपन्यांनी डाव आवरले आणि उच्च न्यायालयांकडे धाव घेतली. पैज आणि जुगार हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत टाकलेला आहे, हा त्यांचा एक बळकट मुद्दा. तो मान्य झाला तर फाईल मंत्रालयात येईल आणि राज्याने पोकरला परवाना द्यावा ही मागणी आपल्या खांद्यावर हात ठेवून उभी राहील. मंत्रालयाची सवयही पाहून ठेवावी. कॅसिनोला परवानगी देणारा कायदा महाराष्ट्राने 1976 मध्ये केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे. सरकारने त्यांचे कृषी खाते काढून क्रीडा खाते दिले. आपल्याला एवढा अधिकृत मान क्वचितच मिळाला असेल.

आपले चरित्र वाचताना मात्र गोंधळ उडतो. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीबद्दल निकाल देताना आपल्याला ओळख दाखवली: पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे ते ठरवावे लागते, म्हणून रमी प्रामुख्याने कौशल्याची. तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या वकिलाच्या पिशवीत तो निकाल असतो. पण ज्या तेलंगणात ते सिकंदराबाद आहे, त्याच राज्याने 2017 मध्ये ऑनलाइन रमीवर बंदी घातली. पोकरच्या बाबतीत तर आपण हद्द बदलली की रूप बदलता. नागालँड 2016 पासून पोकरला कौशल्याचा परवाना देऊ लागले. गुजरात उच्च न्यायालयाला 2017 मध्ये पोकरमध्ये आपण दिसला नाहीत. अलाहाबादला 2024 मध्ये दिसलात. तामिळनाडूने रमी आणि पोकर नशिबाचे ठरवले, तर मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते खोडले. पत्ते तेच बावन्न.

तरीही पोकरमध्ये आपण नाही, असे मी म्हणणार नाही. आहात, चांगलेच आहात. हजारो डाव खेळले की जाणता खेळाडू अजाणत्याच्या पुढे जातो, हे गणितानेच सिद्ध होते. माझे भांडण त्यावरून निघणाऱ्या निष्कर्षाशी आहे. खेळात कौशल्य आहे, म्हणून खेळणाऱ्याला संरक्षण नको, असे आपले वकील सांगतात. नेमके उलटे आहे. राज्याची लॉटरी 1969 पासून चालते. तिच्यात तिकीट घेणारा प्राध्यापक आणि हमाल सारखेच अडाणी. कुणाच्या अडाणीपणावर दुसऱ्या तिकीटवाल्याला हात मारता येत नाही. पोकरच्या टेबलावर विट्याचा नवशिका ज्याच्यासमोर बसतो तो कदाचित बेंगळुरूत पूर्ण वेळ हाच धंदा करणारा, प्रत्येक पानाची शक्यता तोंडपाठ असलेला माणूस असतो. टेबलावर त्याचा चेहराही दिसत नाही, दिसते एक टोपणनाव. तिथे कौशल्य जितके जास्त, तितके कमी जाणणाऱ्याचे पैसे खात्रीने जाणार. म्हणजे ज्या गुणामुळे आपण खेळ कायदेशीर ठरवता, त्याच गुणामुळे तो नवशिक्याला लॉटरीपेक्षा जड जातो.

हे सांगलीला नव्याने शिकवायची गरज नाही. हरिपूरच्या पेवांत हळद साठवून भावावर वायदे करत आलेल्या पेठेला कौशल्य आणि सट्टा यांतली सीमा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. माल हातात असलेला व्यापारी वायद्याने जोखीम उतरवतो. माल नसलेला ती अंगावर घेतो. वायदे-व्यवहारात कौशल्य लागतेच. तरी सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शनचा तीन वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर गेला. यावर सेबीने ‘पण हे तर कौशल्याचे काम’ असे म्हणून हात झटकले नाहीत. सौद्याचा किमान आकार वाढवला, दर आठवड्याला संपणाऱ्या सौद्यांची संख्या कमी केली. हरतो कोण आणि किती, हे पाहून नियम झाले.

आता मधल्या वाट्याकडे येऊ. पोकर चालवणारी कंपनी स्वतः खेळत नाही, प्रत्येक डावातून आपली टक्केवारी काढून घेते. हिशेबापुरते समजा: सहा जण हजार-हजार रुपये घेऊन बसले, डावात सरासरी दोनशे रुपये जमतात, पाच टक्के म्हणजे दहा रुपये कंपनीचे. मोबाइलवर तासाला साठ डाव सहज होतात. तासाला सहाशे. दहा तासांत टेबलावरचे सहाच्या सहा हजार कंपनीकडे जातील एवढा हा वेग आहे, मग जिंको कुणीही. म्हणूनच कुणी उठू लागला की बोनस येतो, पैसे संपले की भरायचे बटण उजळते. इथे आपल्याच 1967 च्या निकालातले एक वाक्य आठवावे, जे वकिलांच्या पिशवीत तळाशी असते. क्लबाने खेळायच्या जागेचे वाजवी शुल्क घ्यायला हरकत नाही, पण पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबाचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असे न्यायालयाने तिथेच म्हटले होते. आपल्याला निर्दोष सोडताना घरमालकाला मोकळे रान दिलेले नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की बंदीने जुगार थांबत नाही, तो परदेशी वेबसाइटवर आणि गल्लीतल्या एजंटाकडे जातो. हे खरे आहे, मटक्यावरच्या छाप्यांचा इतिहासच त्याचा पुरावा आहे. मी बंदीचा भक्त नाही. परवाना द्यावा. पण परवान्याचे कारण आपण असू नये. ‘लोक खेळणारच, म्हणून नुकसान मोजून आवरू’ हे प्रामाणिक कारण आहे. ‘हा तर बुद्धीचा खेळ’ ही जाहिरात आहे. दुसरा आक्षेप प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्याचा. तोही मान्य; पण स्वातंत्र्याला माहिती लागते, आणि वर्षभरात किती ग्राहकांचे पैसे गेले हे कंपनी ग्राहकाला सांगत नव्हती. तिसरा आक्षेप महसुलाचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला होता. त्यात राज्यांचाही वाटा. म्हणजे जिंकणे-हरणे पुढची गोष्ट, राज्य पान वाटण्याआधीच आपले घेऊन मोकळे. अशा भागीदाराला खेळणाऱ्याची काळजी किती राहील, हे विचारायला कौशल्य लागत नाही.

राज्याने बंद पडलेली गोष्ट कायद्याने सुरू करायची कशी, याचा एक नमुना इथल्या रानात आहे. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना वाट मोकळी केली आणि मे 2023 मध्ये कायदा वैध ठरवला. पण मोकळी वाट अटींसह: जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, काठी-चाबकाला बंदी. बैल पळू शकतो की नाही, यावर वर्षानुवर्षे खल झाला खरा, पण शेवटी नियम झाले ते बैलाला इजा होऊ नये म्हणून. पोकर खेळणाऱ्या तरुणाला निदान बैलाएवढा दर्जा द्यावा, अशी आमची माफक अपेक्षा आहे.

तेव्हा मंत्रालयात बोलावणे आले तर आपण जावे, पण पोकरमध्ये आपण किती टक्के आहोत ते सांगत बसू नये. परवान्याच्या अर्जात तीन रकाने घालायला सांगावे. एका माणसाला महिन्यात जास्तीत जास्त किती रुपये भरता येतील. ती मर्यादा एकदा ठरली की चोवीस तासांत वाढवता येणार नाही ना. आणि तालुकावार, म्हणजे माण, खटाव, जत, आटपाडी असे धरून, वर्षभरात किती रुपये भरले गेले आणि किती परत गेले. नावे नकोत, नुसते आकडे पुरेत. ज्या कंपनीला हा तिसरा रकाना भरता येत नाही, तिचा अर्ज त्याच टेबलावरून परत करावा.

कळावे,
सातारा-सांगलीकडील एक करदाता