पंचवीस फुटी टोपडं

अण्णांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. घर डेट्रॉइटच्या उपनगरात, मुक्काम ३७ वर्षांचा, पण रिमोटच्या बटणाला अण्णांचं बोट म्हणून कधी लागलेलं नाही. सोफ्यावर चादर, आणि पाहुणे येणार असले की त्या चादरीवर दुसरी चादर. मिक्सरला झालरीचं टोपडं. सोफ्याचा मूळ रंग कोणता, असं मी एकदा वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "पावती बघावी लागेल."

अशी माणसं आपल्यात घरटी एक तरी निघतात. जून महिन्यात पोरांच्या वह्या-पुस्तकांना खाकी कागद घालायला बसलेला त्यांचा हात पुढे थांबतच नाही. यांना कंजूष म्हणणं चूक आहे. कंजूष माणूस वस्तू घेतच नाही. अण्णा घेतात, दहा दुकानं फिरून उत्तम तीच घेतात. फक्त ती वापरून खराब करायला त्यांचं मन धजत नाही. त्यात नोकरी झाली गाडीच्या कारखान्यात, तीही रंगाच्या विभागात. दुसऱ्याच्या बॉनेटवरचा ओरखडा त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसतो, आणि मग गप्पांत लक्ष लागत नाही.

अशा माणसाने निवृत्तीनंतर आरव्ही घेतली. पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर असा सगळा संसार पोटात घेऊन फिरणारी गाडी. पुढे ट्रकची केबिन, तिच्या डोक्यावर झोपायचा माळा. या जातीला 'क्लास सी' म्हणतात. लांबी २५ फूट. पैठणी घ्यायची तर येवल्याला जावं, तसे अण्णा आरव्ही घ्यायला इंडियानातल्या एल्कहार्टला गेले, कारण या गाड्यांचे कारखाने त्या गावाच्या आसपासच दाटीने आहेत. उन्हाळ्यात एकदा लडिंग्टनला जाऊन आले. लेक मिशिगनच्या काठावर वहिनींनी पिठलं टाकलं, आणि फोडणीचा वास पडद्यांना लागेल म्हणून अण्णांनी ते बाहेर, गवतावर शिजवायला लावलं.

ऑक्टोबर आला. नळ गोठून फुटू नयेत म्हणून अण्णांनी पाइपांमध्ये कोकम सरबताच्या रंगाचं अँटीफ्रीझ भरलं. उंदीर येऊ नयेत म्हणून बारीकसारीक भोकांत लोखंडी काथ्या कोंबला. आणि एका रात्री ११ वाजता मला फोन आला. आवाज असा की मला वाटलं, देशातून काही बातमी आली.

"कव्हर घ्यावं का रे?"

ज्या माणसाने चष्म्याच्या डबीला पिशवी शिवून घेतली, त्याला हा प्रश्न पडावा? पण पडला होता, आणि पुढचे तीन आठवडे तो आम्हा सगळ्यांना पुरला. अण्णांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. बाजूने: गाडीचं छप्पर रबराचं, उन्हाने ते कोरडं पडतं, कडांच्या सीलंटला भेगा जातात, तिथून पाणी शिरतं, आणि भिंतीतलं लाकूड कुजेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. विरोधात: मिशिगनच्या हिवाळ्यात ऊन असतं कुठे? बाजूने: बर्फ, पानं, पक्ष्यांची शिट. विरोधात अण्णांची स्वतःची आयुष्यभराची विद्या. कव्हर वाऱ्यावर फडफडतं. त्याच्या आणि रंगाच्या मध्ये धूळ राहिली तर सबंध हिवाळा गाडीला पॉलिशपेपर मारल्यासारखं होतं. म्हणजे रंग वाचवायला आणलेलं कव्हरच रंग खाणार! या वाक्यापाशी त्यांचा घसा दाटून यायचा.

मी म्हटलं, निळी ताडपत्री आणा, दोरीने आवळा, मोकळे व्हा. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यावर ताडपत्री टाकायला सांगितली होती. ताडपत्रीतून हवा जात नाही, आत ओल धरते, बुरशी येते. कापड हवं श्वास घेणारं. असं कव्हर काही शे डॉलरला पडतं आणि उन्हात ठेवलं तर दोन-चार वर्षांत विरतं, म्हणजे छप्पर वाचवायचं तर कव्हर मरणार. "मग कव्हरला कोण वाचवणार?" हे त्यांनी खरोखर विचारलं. विनोद म्हणून नव्हे.

त्या रात्री चहा पिता पिता ते वेगळंच बोलायला लागले. चिपळूणजवळच्या त्यांच्या घरी दर वर्षी मे महिना सरताना वडील झावळ्यांचे झाप विणून पडवीला बांधायचे. तिरपी झड मातीच्या भिंतीवर बसू नये म्हणून. पोरांनी सुंभ धरायचं, वडिलांनी गाठ मारायची. "पाऊस अडायचा, वारा खेळायचा, भिंतीला बुरशी नाही," अण्णा म्हणाले. "श्वास घेणारं कापड आम्ही फुकट विणत होतो." मग बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कव्हरची ऑर्डर गेली.

मापं घेणं हा एक स्वतंत्र सोहळा. लांबी बंपरपासून बंपरपर्यंत, पण मागची शिडी आणि स्टेपनी धरून. पन्हळीची टोकं कापडाला भोकं पाडतात, म्हणून त्यांवर टेनिसचे जुने चेंडू कापून बसवले. नवे चेंडू घरात होते, पण ते चांगले होते. मग गाडी धुतली, वाळवली, पुन्हा पुसली. कव्हर चढवताना अण्णा शिडीवर, मी एका बाजूला, वहिनी दुसऱ्या. पट्टा गाडीच्या पोटाखालून फेकायचा आणि पलीकडच्याने धरायचा. वाऱ्याने कव्हर शिडासारखं फुगलं, वहिनी दोन पावलं त्याच्याबरोबर गेल्या, आणि वरून अण्णा ओरडले, "जमिनीला लागू देऊ नकोस!" कव्हर, वहिनी नव्हे. शेवटची बकल लागली तेव्हा अंधार पडला होता. अण्णांनी लांब जाऊन पाहिलं. दारात राखाडी हत्ती बसल्यासारखा दिसत होता. वॉरंटीचं कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं.

उघडी गाडी चार महिने दारात उभी होती, कुणी हूं की चूं केलं नाही. झाकली आणि आठवड्यात वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: आरव्ही घरासमोर ठेवता येणार नाही. मग कव्हर उतरवा, घडी करा (ती पुन्हा मूळ पिशवीत कधीच मावत नाही, हे कुठल्याही कव्हरवाल्याला विचारा), आणि गाडी न्या शहराबाहेरच्या गोदामात. पक्कं छप्पर, चारी बाजूंनी भिंती, महिन्याचं भाडं. मी मनात म्हटलं, सुटलो.

गोदामात पोचल्यावर अण्णांनी शिडी काढली.

"अण्णा, वर छप्पर आहे."

"धूळ असते."

पुन्हा पट्टा पोटाखालून, पुन्हा बकला. वहिनी एव्हाना इतक्या तरबेज झाल्या होत्या की न बघता पट्टा झेलत होत्या. काम आटोपल्यावर त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात काढायचंय ना हे?" अण्णा कोपऱ्यावरची सुरकुती सरळ करत होते. "बघू," म्हणाले.

त्या रात्री ११ वाजता परत फोन.

"आपल्या गाडीशेजारी ती बोट बघितलीस? चांगली बावीस फुटी आहे. पांढराशुभ्र रंग. आणि अंगावर एक चिंधी नाही रे."

"कुणाची आहे?"

"कुणाची का असेना." मागे वहिनींचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आवाज आला. "सोफ्यावरच्या जुन्या चादरी आहेत आमच्याकडे पाच-सहा. तू शनिवारी मोकळा आहेस का?"