गणपूर्तीविना संपन्न

ठराव एकमताने मंजूर झाला. वेशीवर स्वागत कमान, कमानीपुढं हायमास्ट. कमानीतून आत येणाऱ्या रस्त्याचं विचारू नका, तो विषयपत्रिकेवर नव्हता.

एकमत होणारच. सभेला माणसं होती डझनभर, त्यातही निम्मी चहा येईपर्यंतची.

चिखली-खामगाव रस्त्यावर अमडापूरच्या स्टँडवर बसा आणि कुठल्याही गावच्या माणसाला विचारा, "ग्रामसभा झाली का भाऊ?" तो म्हणेल, "झाली म्हन्तात बाप्पा." यापेक्षा खोलात जाण्याचं कारण नाही. 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमानं वर्षाला चार ग्रामसभा सांगितल्या, त्या कागदावर होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागतच नाही!

म्हणजे असं बघा. लग्नाला नवरदेव आला नाही. मुहूर्त तहकूब. पुढच्या मुहूर्ताला नवरदेवाची गरज नाही. भटजी हजर, वाजंत्री हजर, जेवणावळ तर आधीच उठलेली. अक्षता पडतात, आहेर घेतले जातात, कुणीतरी रजिस्टर पुढं करतं आणि वऱ्हाडी सह्या करतात. लग्न एकमताने संपन्न! वर्षभरानं पोरगी माहेरीच दिसली की गाव तिलाच विचारतं, "कामून नांदत नाहीस वं?" बरोब्बर याच चालीवर, नळाला पाणी नाही म्हणून तक्रार घेऊन जाणाऱ्याला उत्तर मिळतं, "भाऊ, ठराव तुमच्याच सभेत पास झाला. तवा कुठं होते?"

कुठं होता? 2 ऑक्टोबरची सभा असेल तर वावरात सोयाबीन सोंगत होता. 1 मेची असेल तर बुलडाण्याच्या उन्हात सावली शोधत होता. आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तीही होते. रजिस्टर घरोघरी फिरतं आणि बाया चुलीपुढून उठून अंगठा देतात. कशासाठी, ते त्यांनी विचारायचं नसतं. त्या रजिस्टरात मधली दोन पानं कोरी असतात. ठराव नंतर सुचतात ना!

इथं हसू संपतं. 73व्या घटनादुरुस्तीनं गावाच्या हाती कारभार दिला. पंधराव्या वित्त आयोगानं आपल्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला. जलजीवन मिशननं 2019 मध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी नळानं देण्याचं ठरवलं. पैसा आहे, कायदा आहे, उद्दिष्ट आहे. गावात मात्र नळाचा पाइप अंगणात उभा असतो, त्याला तोटी नसते आणि त्यावर बाई टॉवेल वाळत घालते. माझा राग कमानीवाल्यांवर आहेच, पण जास्त राग आहे तो ओट्यावर बसून अमेरिकेनं कुणावर बॉम्ब टाकावा हे ठरवणाऱ्या आणि पन्नास पावलांवरच्या सभेला न जाणाऱ्या आपल्या लोकांवर. निवडणुकीत रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याला ग्रामसभेच्या दिवशी नेमकी कंबर धरते. तुमच्या गैरहजेरीवर गावाचा कारभार चालतो, आणि तो अगदी कायदेशीर चालतो, ही खरी मेख आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला शंभर जण जा. मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावा, पाणी-स्वच्छतेच्या पैशाचा हिशेब मागा. आणि सही करण्याआधी रजिस्टरात कोरी पानं सोडली आहेत का, ते उलटून बघा. सोडली असतील तर त्यावर आडवी रेघ मारा.